वस्ताद, वजनकाटा आणि घाम

7 जानेवारी 2020. पुण्याच्या म्हाळुंगे-बालेवाडी क्रीडासंकुलात महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती सुरू होती. एका बाजूला नाशिकचा हर्षवर्धन सदगीर, दुसऱ्या बाजूला लातूरचा शैलेश शेळके. दोघेही एकाच तालमीतले, काका पवार यांचे पठ्ठे. हर्षवर्धन 3-2 असा जिंकला आणि त्यानं हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं. गदा कोणाच्याही हाती गेली असती, तरी ती त्या एकाच तालमीत जाणार होती.

लातूर जिल्ह्यातून आलेले काका पवार स्वतः ग्रीको-रोमन शैलीचे आंतरराष्ट्रीय मल्ल आणि अर्जुन पुरस्काराचे मानकरी. पुढे पुण्याच्या कात्रज भागात त्यांनी कुस्ती संकुल उभारलं. बीड जिल्ह्यातला राहुल आवारेही तिथलाच. राहुलचे आधीचे गुरू रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार 2011 मध्ये गेले. 2018 च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत राहुलनं 57 किलो गटात सुवर्णपदक मिळवलं आणि ते आपल्या या दिवंगत गुरूंना अर्पण केलं. वस्तादाचं यश असं शिष्यांच्या गळ्यात दिसतं. पण आरोग्याच्या दृष्टीनं त्या कामाचा मोठा भाग आखाड्याबाहेर, वजनकाट्यापाशी चालतो.

कुस्ती वजनगटांवर चालते. पुरुषांच्या फ्रीस्टाइलमध्ये 57 पासून 125 किलोपर्यंत दहा गट आहेत. आपल्यापेक्षा हलका प्रतिस्पर्धी मिळावा, म्हणून पैलवान खालच्या गटात उतरायला बघतो. मग शेवटच्या दोन-तीन दिवसांत पाणी बंद, जेवण बंद, अंगावर रबरी किंवा प्लॅस्टिकचा सूट आणि धावणं. काट्यावर वजन कमी दिसतं खरं, पण या घाईत उतरतं ते मुख्यतः पाणी; चरबी इतक्या झटपट जात नाही.

पाणी गेलं की रक्तातला द्रव भाग कमी होतो. तेवढंच काम करायला हृदयाला जास्त वेळा धडधडावं लागतं. त्वचेकडे जाणारं रक्त कमी पडतं, घाम आटतो आणि आतली उष्णता आतच कोंडते. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी गेलं, तरी दम आणि एकाग्रता घसरू लागते. साठ किलोच्या मुलासाठी दोन टक्के म्हणजे फक्त 1 किलो 200 ग्रॅम.

पालघर, बोईसर, तारापूरच्या मुलांसाठी यात आणखी एक अडचण आहे. घाम नुसता येऊन शरीर थंड होत नाही, तो वाळावा लागतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला, तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत तो वाळत नाही, नुसता निथळतो. म्हणजे पाणी आणि मीठ जातं, उष्णता मात्र तशीच राहते. देशावरच्या कोरड्या हवेतला सराव इथे पत्र्याच्या शेडखाली जसाच्या तसा करून चालत नाही. रबरी सूट तर अंगाभोवती याहून दमट हवा कोंडून ठेवतो.

याची किंमत अमेरिकेतल्या महाविद्यालयीन कुस्तीनं मोजली आहे. डॅन गेबल हे तिथलं मोठं नाव. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये एकही गुण न देता त्यांनी सुवर्ण जिंकलं. पुढे आयोवा विद्यापीठाचे प्रशिक्षक म्हणून 21 हंगामांत संघाला 15 राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. 1997 मध्ये ते त्या कामातून बाजूला झाले. त्याच वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नॉर्थ कॅरोलिना, विस्कॉन्सिन आणि मिशिगन या राज्यांतल्या तीन वेगवेगळ्या महाविद्यालयांचे तीन मल्ल अवघ्या 33 दिवसांत दगावले. तिघेही गरम जागी, वाफ बाहेर न जाऊ देणारे सूट घालून, वजन उतरवण्यासाठी व्यायाम करत होते.

त्यानंतर तिथले नियम बदलले. रबरी सूट, वाफेच्या खोल्या, जुलाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यांवर बंदी आली. वजन सामन्याच्या थोडाच वेळ आधी घेऊ लागले. हंगामापूर्वी लघवीची तपासणी होते, म्हणजे मुलगा तहानलेला असताना वजन घेतलं जात नाही. मग शरीरातली चरबी मोजून तो किमान किती वजनावर खेळू शकेल हे ठरतं. पुरुषांसाठी चरबीची खालची मर्यादा पाच टक्के आहे. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या दीड टक्क्यापेक्षा जास्त घट चालत नाही. साठ किलोच्या मुलाला आठवड्यात फार तर 900 ग्रॅम.

आपल्याकडे यातलं बरंचसं एका साध्या काट्यावर आणि वहीवर करता येईल. सरावाच्या आधी आणि नंतर वजन करा. मधला फरक म्हणजे गेलेलं पाणी. एक किलो कमी भरलं, तर पुढच्या काही तासांत थोडं थोडं करत सव्वा ते दीड लिटर पाणी प्यायला हवं. सोबत मीठ घातलेलं ताक, लिंबूपाणी किंवा ओआरएस असावं. लघवी गडद पिवळी असेल, तर त्या दिवशी जोर-बैठका कमी करा. मुलगा अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला किंवा कोसळला, तर ती दमणूक समजू नका. त्याला लगेच सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर भरपूर गार पाणी ओता, वारा घाला आणि 108 ला फोन करा. रुग्णवाहिकेची वाट पाहतानाही अंग थंड करणं थांबवू नका. शुद्ध हरपलेली असेल, तर तोंडात पाणी घालू नका.

वाढत्या वयाच्या मुलांना तर वजन उतरवायला लावूच नये. त्यांचं वजन वाढायलाच हवं.

ऑगस्ट 2024 मध्ये पॅरिसला 100 ग्रॅम जास्त भरले म्हणून विनेश फोगाट अंतिम फेरीतून बाद झाली, तेव्हा सगळा देश हळहळला. वजन कसं उतरवायचं, यावर घरोघरी चर्चा झाली. वरच्या गटात खेळण्याचा पर्याय मात्र त्या चर्चेत फारसा आला नाही.

खाशाबा जाधव 1948 मध्ये लंडनला 52 किलोच्या गटात खेळले आणि सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. तिथे खाशाबा एक गट वर, 57 किलोमध्ये खेळले आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. राहुल आवारेचं 2019 च्या जागतिक स्पर्धेतलं कांस्यपदकही 57 मधलं नाही, 61 किलो गटातलं आहे. पदकं केवळ गट बदलल्यानं येत नाहीत. पण वरचा गट म्हणजे माघार नव्हे, एवढं तरी या दोन पदकांवरून कळतं.

पालघर-बोईसरच्या महाविद्यालयांतली मुलं विद्यापीठाच्या स्पर्धांची तयारी करतील, तेव्हा पालकांनी प्रशिक्षकाला किती पदकं आली हे जरूर विचारावं. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: “शेवटच्या तीन दिवसांत आमचा मुलगा पाणी पिणार ना?”