तुरुंगाच्या फाटकातील मक्तेदार

१९३२ साली विनोबांची गीतेवरील प्रवचने ज्या धुळे कारागृहात झाली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली, तेथे काय किंवा जळगावच्या तुरुंगात काय, डागडुजीस येणारा गवंडी अथवा धान्य पुरविणारा मक्तेदार, स्वतः बंदिवान नसूनही, फाटकाच्या आत पाऊल टाकताच बंदोबस्ताच्या नियमांनी बांधला जातो. १८९४ च्या कारागृह अधिनियमाच्या २१ व्या कलमाने आत-बाहेर जाणारी कोणतीही वस्तू तपासण्याचा, आणि संशय आल्यास माणसाचीही झडती घेण्याचा अखत्यार द्वारपालास दिला. ४२ व्या कलमाने निषिद्ध वस्तू आत पोहोचविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा २०० रुपयांपर्यंत दंड (ही रक्कम आज वाचताना हसू येते), अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या. खरी दक्षता घ्यावी लागते ती हत्यारांची: करवत, पहार, दोरखंड मोजून आत न्यावयाचे व मोजूनच बाहेर आणावयाचे, आणि शिडी तर क्षणभरही बेवारस ठेवावयाची नाही, कारण तटाची सारी उंची तीच निरर्थक करून टाकते. कायदेकर्त्यांची नजर मात्र बाहेरच्यांवरच थांबली नाही; १० व्या कलमान्वये तुरुंगाच्या अंमलदारांनाही पुरवठ्याच्या मक्त्यात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध ठेवण्यास मनाई करण्यात आली.