एमजीबीचा सेल्फ बदलण्याआधी

इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ पासून १९८० पर्यंत एमजीबी ही स्पोर्ट्स कार बनत होती. छप्परवाल्या जीटी धरून पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या, त्यामुळे तिचे सुटे भाग आजही सहज मिळतात. सेल्फ स्टार्टर घ्यायला गेलं की तीन-चार प्रकार समोर येतात आणि सगळेच ‘एमजीबीचे’ असतात. त्यातला चुकीचा निवडला तर तो बसत नाही, किंवा बसतो आणि फ्लायव्हीलच्या रिंगचे दात खातो. म्हणून नुसतं गाडीचं साल सांगून सेल्फ मागवू नये. गाडीत आज कोणतं इंजिन आहे आणि फ्लायव्हीलवर कोणती रिंग आहे, हे आधी पाहावं.

त्याच्याही आधी, सेल्फ खरंच गेलाय का याची खात्री हवी. १९७४ पर्यंतच्या एमजीबीत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटच्या मागे, एकीला एक जोडून बसवलेल्या असत. तिथून सेल्फपर्यंत केबल लांब येते आणि वाटेत जोडही बरेच. एखादा जोड गंजला तरी सेल्फ रडतखडत फिरतो. इंजिन सुरू होऊ नये म्हणून कॉइलची वायर काढून ठेवा आणि सेल्फ मारत असताना मीटर लावा. पूर्ण चार्ज बॅटरी (दोन असतील तर दोन्ही मिळून) एरवी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ फिरताना ती ९.६ च्या खाली उतरत असेल तर आधी बॅटरी तपासा. बॅटरी टिकून असेल, तर तिच्या टोकापासून सेल्फच्या जाड टर्मिनलपर्यंत किती व्होल्ट गळतात ते मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त गळती म्हणजे केबल, जोड किंवा सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट खराब. असंच इंजिनाच्या बॉडीपासून बॅटरीच्या दुसऱ्या टोकापर्यंतही मोजायचं. इंजिनाचा अर्थिंगचा पट्टा तुटला असेल तर सेल्फचा सगळा करंट चोक आणि ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो, आणि त्या तापून धूर येऊ लागतो. हे दिसलं तर नव्या सेल्फवर एक पैसाही खर्च करू नका.

आता प्रकार. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत लुकासचा जुन्या पद्धतीचा सेल्फ असे. त्याचं सोलेनॉइड वेगळं, बॉनेटखाली बॉडीवर बसवलेलं. करंट मिळताच मोटर एकदम फिरते, पण शाफ्टवरच्या तिरक्या आट्यांवर बसलेला पिनियन आपल्या जडत्वामुळे मागे राहतो आणि आट्यांवरून सरकत जाऊन रिंगमध्ये अडकतो. इंजिन पेटलं की रिंगच त्याला मागे फेकते. या आट्यांना तेल लावायचा मोह टाळा. तेलावर क्लचची धूळ बसते आणि पिनियन जागीच चिकटतो. पुढच्या गाड्यांत सोलेनॉइड मोटरच्याच पाठीवर आलं. ते आधी लिव्हरने पिनियन रिंगमध्ये सरकवतं आणि मग मोटरला करंट देतं. दात शांतपणे एकमेकांत बसतात, इंजिन एकदा खोकून बंद पडलं तरी पिनियन सुटत नाही.

या दोन पद्धतींच्या रिंगही वेगळ्या आहेत, म्हणून सेल्फची अदलाबदल होत नाही. पन्नास-साठ वर्षांच्या गाडीत इंजिन बदललेलं असणं अगदी नेहमीचं आहे. १९६५ च्या बॉडीत १९७२ चं इंजिन असेल तर सेल्फ १९७२ चाच लागेल. इंजिनावरच्या पट्टीवरचा नंबर वाचा, निघालेल्या सेल्फच्या पिनियनचे दात मोजा आणि हे दोन्ही विक्रेत्याला कळवा.

रिंगकडे नीट पाहायचं आणखी एक कारण आहे. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना कॉम्प्रेशनमुळे बहुतेक वेळा ठरावीक दोन जागांपाशीच थांबतं, म्हणून रिंगचे दातही तिथेच झिजतात. कधी सेल्फ झकास लागतो आणि कधी नुसता करकरतो, असं होत असेल तर गाडी गिअरमध्ये टाकून थोडी ढकला आणि पुन्हा मारा. लगेच लागला तर दोष बहुधा रिंगचा. एमजीबीचा क्लच बदलायला इंजिन बाहेर काढावंच लागतं. रिंगचं काम त्याच वेळी करून घ्यावं.

तिसरा प्रकार आजचा, गिअर रिडक्शनचा. यात छोटी मोटर फार वेगाने फिरते आणि मधले गिअर तो वेग घटवून जोर वाढवतात. वजन बरंच कमी, करंटही कमी लागतो. लांब केबलच्या गाडीला हा मोठाच फायदा. मात्र यातल्या बऱ्याच मोटरींत कायम चुंबक असतात. जुन्या लुकासमध्ये फील्ड कॉइल असल्यामुळे बॅटरीची टोकं उलटी जोडली तरी तो त्याच दिशेने फिरतो. कायम चुंबकाची मोटर उलटी फिरते. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत पॉझिटिव्ह अर्थ असे, आणि ती वायरिंग अजून तशीच असेल तर त्यासाठी बनवलेला सेल्फ आहे का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. शिवाय चुंबक ठिसूळ असतात. अडकलेल्या सेल्फला हातोडीने टिचकवायची सवय इथे महागात पडेल.

मला स्वतःला मूळ लुकास दुरुस्त करून घेणं जास्त पटतं. कार्बन ब्रश आणि बुश बदलले, कम्युटेटर साफ केला, तर तो पुन्हा बरीच वर्षं चालतो, आणि चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन हे काम सहज करतो. एक्झॉस्टच्या उष्णतेने जुना सेल्फ मार खातो, म्हणून छोटा घ्या, हे काही गाड्यांच्या बाबतीत खरंच आहे. पण एमजीबीत एक्झॉस्ट डावीकडे आणि सेल्फ उजवीकडे, डिस्ट्रिब्युटरच्या खाली, म्हणून ते कारण इथे लागू नाही. मात्र आर्मेचर जळालं असेल किंवा इंजिनाचं कॉम्प्रेशन वाढवलेलं असेल, तर गिअरवालाच घ्या.

रबर बंपरवाल्या, नंतरच्या गाड्यांत सोलेनॉइडवर एक जादा टर्मिनल असतो. सेल्फ फिरत असताना तो बॅलास्ट (कॉइलचा व्होल्टेज घटवणारा रोध) वगळून कॉइलला बॅटरीचा पूर्ण व्होल्टेज देतो. नव्या सेल्फवर हा टर्मिनल नसेल तर इंजिन जोरात फिरेल, पण पेटायला त्रास देईल.

काम सुरू करताना बॅटरी सोडवाच, कारण जाड केबलला फ्यूज नसतो. सेल्फ बसतो ती जागा घासून चकचकीत करा, नव्या सेल्फच्या तोंडावरचा रंगही खरवडा, कारण अर्थ तिथूनच मिळतो. आणि जुना सेल्फ बदल्यात देऊन टाकायची घाई करू नका. नवा थंड आणि गरम इंजिनावर नीट चालतोय हे पाहा, मगच जुन्याचं काय ते ठरवा.