दोस्तावर भरवसा नाही म्हणून बांधलेले बंकर

उत्तर इटलीत रेशेन तलावाच्या वर प्लामोर्ट नावाचं पठार आहे. मागच्या उन्हाळ्यात तिथे भटकताना ओल्या कुरणात काँक्रीटचे टोकदार सुळके रांगेने उभे दिसले. रणगाडे अडवायला! पलीकडे लगेच ऑस्ट्रिया.

हा ‘व्हालो आल्पिनो’चा भाग. १९३१ पासून मुसोलिनीच्या सरकारने आल्प्समधल्या सरहद्दीवर बंकरांची ही साखळी उभारायला घेतली. फ्रान्सच्या बाजूला, तशीच युगोस्लाव्हियाच्याही.

खरी गंमत पुढे आहे. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि इथे शेजारी आला जर्मनी. १९३९ मध्ये दोघांचा लष्करी करार झाला, तरी बांधकाम १९४२ पर्यंत चालूच! लोक या फळीला ‘माझा भरवसा नाही’ म्हणू लागले.

लपवाछपवी मात्र दाद देण्यासारखी. काही बंकर खडकासारखे, काही चक्क गवताच्या कोठारासारखे. आपल्या गडांवरचा गोमुखी दरवाजाही असाच जवळ जाईपर्यंत दिसत नाही.

आज एखाद्या बंकरात चीज मुरतं, तर पासायर खोऱ्यातल्या मोस गावी एकात संग्रहालय आहे.

जाणार असाल तर टॉर्च ठेवा, पण बंद बंकरात घुसू नका.