लहरींच्या लिलावात गेलेले दशक

22 फेब्रुवारी 2012 रोजी अध्यक्ष ओबामा यांनी ज्या कायद्यावर स्वाक्षरी करून अमेरिकेतील अग्निशामक, पोलीस आणि रुग्णवाहिका-सेवकांसाठी स्वतंत्र बिनतारी जाळ्याचा पाया घातला, त्याला बारा वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी पहाटे, ते जाळे चालविणाऱ्या एटी अँड टी कंपनीच्या यंत्रणेत देखभालीच्या वेळी झालेल्या एका चुकीने देशभरचे मोबाइल मुके झाले, 911 या आपत्कालीन क्रमांकाकडे निघालेले 25,000 हून अधिक कॉल अडले, आणि फर्स्टनेट नावाचे हे राखीव जाळेही बंद पडले. इतर सेवांच्या आधी ते पूर्ववत झाले हे खरे. परंतु ते बंद पडल्याची वर्दी त्याच्या ग्राहकांना कंपनीकडून मिळाली ती ते सुरू झाल्यावर सुमारे तासाभराने.

या जाळ्याची कहाणी 2012 च्याही आधीची आहे, पण त्यातील नव्वदीच्या दशकाविषयी फार सांगण्यासारखे नाही. 1997 च्या कायद्याने दूरचित्रवाणीच्या पट्ट्यातील 24 मेगाहर्ट्झ सार्वजनिक सुरक्षेसाठी देऊ केले. मात्र 85 टक्के घरांत डिजिटल प्रक्षेपण पोहोचेपर्यंत जुन्या वाहिन्यांना हलविण्याची सक्ती नव्हती, आणि या पळवाटेच्या आश्रयाने प्रक्षेपक कंपन्या निश्चिंत बसून राहिल्या.

पुढचे दशक मी न्यू जर्सीत राहून पाहिले आणि ते विसरणे मला शक्य नाही. 11 सप्टेंबर 2001 रोजी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरचा दक्षिण मनोरा कोसळल्यावर उत्तर मनोरा पडेपर्यंत 29 मिनिटे हाती होती. पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून धोक्याचे इशारे दिले जात होते, पण ते पोलिसांच्या लहरींवर, आणि अग्निशामकांचे वॉकीटॉकी त्या लहरी पकडत नव्हते. परतण्याचा हुकूम वरच्या मजल्यांवरील कित्येक जवानांच्या कानी पडलाच नाही. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या अग्निशामक दलाचे 343 जण गेले. हल्ल्याच्या चौकशी आयोगाने 2004 साली दूरचित्रवाणीच्या पट्ट्यातील त्या राखीव लहरी सत्वर मोकळ्या करण्याची निःसंदिग्ध शिफारस केली, 2005 मध्ये कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्सची संदेशयंत्रणा उद्ध्वस्त करून तिची निकड पुन्हा सिद्ध केली, आणि तरीही वाहिन्यांना जागा सोडण्याची ठरलेली तारीख 17 फेब्रुवारी 2009 वरून 12 जूनवर ढकलण्यात आली.

याहूनही जिव्हारी लागले ते 2008 चे. सुरक्षा-सेवकांसह सामाईक जाळे उभारण्याची अट घालून 'डी ब्लॉक' नावाचा 10 मेगाहर्ट्झचा तुकडा लिलावात मांडला गेला. किमान अपेक्षा 130 कोटी डॉलरची, बोली आली एकच, 47 कोटी 20 लाखांची. त्याच लिलावात इतर तुकड्यांतून सरकारी खजिन्यात सुमारे 1,900 कोटी डॉलर जमा झाले होते. एवढ्या रकमेच्या काही अंशात ज्या जाळ्याचा आरंभ झाला असता, त्यासाठी सरकारने गिऱ्हाईक शोधावे, आणि ते न मिळाल्यावर 2010 मध्ये दळणवळण आयोगाने तोच तुकडा पुन्हा विकण्याची योजना मांडावी, हे मला तेव्हाही लज्जास्पद वाटले होते आणि आजही वाटते. पोलीस व अग्निशामक दलांचे प्रमुख एकजुटीने वॉशिंग्टनमध्ये उभे राहिले नसते, तर ती विक्री झालीही असती.

2012 च्या कायद्याने डी ब्लॉक सुरक्षा-सेवकांना मिळाला, 700 कोटी डॉलरची तरतूद झाली, तीही पुढील लिलावांच्या उत्पन्नातून; आणि मोबदल्यात महानगरांतील सेवकांच्या वापरातला जुना 'टी-बँड' काढून घेण्याचे कलम घुसविण्यात आले, जे रद्द व्हायला 2020 चा डिसेंबर उजाडला. 2017 साली एटी अँड टीला 25 वर्षांचा मक्ता देण्यात आला, ज्यात फर्स्टनेटच्या 20 मेगाहर्ट्झमधील शिल्लक क्षमता स्वतःच्या व्यवसायासाठी वापरण्याची मुभाही आली.

मूळ कायद्याने फर्स्टनेट प्राधिकरणाला दिलेली मुदत पंधरा वर्षांची, म्हणजे फेब्रुवारी 2027 पर्यंतची आहे. ती वाढवायलाच हवी. पण वाढविताना, जाळे बंद पडताच त्याची वर्दी प्रत्येक ठाण्यात तत्क्षणी पोहोचविण्याचे बंधन आणि मक्तेदाराच्या कारभारावर जाहीर देखरेख या दोन अटी काँग्रेसने कायद्यातच लिहाव्यात.