भाड्याची गाडी ठरवताना

विमान भाड्याने घेणारे धनिक आधी माणसे, सामान आणि धावपट्टीची लांबी पाहतात, थाट नंतर. झरी जामणीहून आदिलाबाद वा नागपूरला मालासाठी निघणाऱ्या आपल्या व्यापारी-कारागीर बांधवांनीही हाच क्रम ठेवावा. दोन माणसे आणि कापडाचे चार गठ्ठे यांसाठी दहा आसनी गाडी म्हणजे रिकाम्या जागेचे भाडे.

त्याहून महत्त्वाची नंबरपाटी. चालकासह भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी, अक्षरे काळी. विजेच्या गाडीची पाटी हिरवी, अक्षरे पिवळी. पांढऱ्या पाटीची ओळखीतली गाडी स्वस्त पडते खरी, पण अपघातानंतर ती भाड्याने चालवल्याचे उघड झाल्यास विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. मग घरच्यांनी दाद कुणाकडे मागावी?

आदिलाबाद २०१४ पासून तेलंगणात आहे. तिकडचा परवाना आहे का, हे गाडीमालकाच्या तोंडी ‘हो’वर सोडू नये, कागद पाहावा. टेम्पोत मालावर बसून येण्याची आपल्याकडची सवयही नियमाबाहेरचीच.

दर किलोमीटरचा की दिवसाचा, थांबण्याचे किती, टोल आणि चालकाचा रात्रीचा भत्ता कुणाकडे, हे निघण्यापूर्वी चिठ्ठीवर लिहून दोघांनी सही करावी. निघताना मीटरचा आकडाही त्याच चिठ्ठीवर टिपावा.