उपयोगी संकेतस्थळांची वही

मोठ्या कंपन्यांत अलीकडे ज्ञानव्यवस्थापक नावाचा एक पगारी अधिकारी असतो. घरात कोणाला काय ठाऊक आहे आणि बाहेर उपयोगाचे काय कोठे सापडते हे शोधून, ज्याला गरज त्याच्या हाती ते वेळेवर पोहोचविणे हे त्याचे काम. हुद्दा ऐकून आम्ही प्रथम बिचकलो. आमचे शिक्षण रात्रशाळेच्या पुढे गेलेले नाही. पण युनियनच्या कचेरीत पंचवीस-तीस वर्षे आम्ही दुसरे केले तरी काय? पूर्वी माहिती कपाटात असे, आता ती संकेतस्थळांवर असते, एवढाच फरक. आणि कपाटाला निदान तळ होता!

जगातले पहिले संकेतस्थळ १९९१ साली जिनीव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी उभे केले. १९९४ साली जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी उपयोगी स्थळांची विषयवार यादी केली; तिचेच पुढे याहू झाले. माणसाने स्थळ पाहावे, निवडावे आणि योग्य खणात लावावे, अशी तिची रीत. स्वयंसेवकांनी चालविलेली अशीच एक प्रचंड यादी, ओपन डिरेक्टरी, १९९८ साली निघाली. याहूची यादी २०१४ साली मिटली, दुसरी २०१७ साली. स्थळे वाढली, पाहणारी माणसे पुरी पडेनात, आणि गूगलसारखी शोधयंत्रे क्षणात उत्तर देऊ लागली.

मग आता यादी हवी कशाला, असे श्रोते विचारतील. विचारावेच. शोधयंत्र शब्द जुळवते, पुष्कळांनी ज्याकडे बोट दाखविले ते वर आणते, आणि पैसे भरणाऱ्याची जाहिरात त्याच्याही वर ठेवते. आता तर यंत्र स्वतःच उत्तर रचून देते. मूळ पान उघडून पाहिल्याखेरीज त्यावर अर्ज लिहू नये. साऱ्या जगाची यादी करणे कोणाला जमले नाही हे खरे. पण दोनशे सभासदांच्या गरजा आम्हांला ठाऊक आहेत, आणि तेवढ्यांपुरती यादी माणसाच्या आवाक्यातली आहे.

तीही आम्ही प्रथम बिघडवली. साठेक पत्ते गोळा करून मोठ्या अभिमानाने व्हॉट्सॲपवर धाडले. त्यांतले निम्मे दुसऱ्यांकडून आलेले. आम्ही ते उघडूनही पाहिले नव्हते. कारखाना बंद पडलेल्या एका सभासदाला मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हवी होती. त्याने यादीतला एक पत्ता उघडला. तो निघाला दलालाचा, तोंडवळा मात्र सरकारी. त्याने तेथे पैसे भरले, खाते क्रमांक आणि पासवर्डही दिला. पैसे गेले, अर्ज लांबला, फीची तारीख टळली. “भाऊ, पत्ता तुमच्याच यादीतला होता,” एवढेच तो म्हणाला. वास्तविक या अर्जाला फीच नसते. सरकारी स्थळाचे नाव बहुधा ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ने संपते. संपते, हे महत्त्वाचे. ही अक्षरे मध्येच कोठे दिसली म्हणून भुलू नये.

त्या दिवसापासून यादी गेली आणि वही आली. पत्त्यापुढे स्थळ कोण चालवतो, ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते, मराठी आहे की इंग्रजी, कोणी उघडून पाहिले आणि कोणत्या तारखेला, हे लिहिल्यावाचून पत्ता वहीत चढत नाही. साठाचे एकोणीस उरले.

तारखेचा आग्रह का, ते सांगतो. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी २९ केंद्रीय कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता अमलात आल्या. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात बडतर्फ कामगाराला स्वतः दाद मागण्यास ३ वर्षांची मुदत होती. नव्या संहितेने ती २ वर्षांवर आणली. तीन वर्षे सांगणारी पाने मात्र महाजालावर जागच्या जागी आहेत. लिहिली तेव्हा ती खोटी नव्हती. पण त्यांवर विसंबून एखादा अडीच वर्षांनी आमच्या दारात आला, तर त्याला काय सांगावे? म्हणून कायद्याचा मजकूर आम्ही ‘इंडिया कोड’ या सरकारी स्थळावर पाहतो आणि शंका आल्यास राजपत्राशी ताडतो. खटल्याची तारीख पाहावयास ई-कोर्ट्स आहे. त्यासाठी कोणालाही चहा पाजावा लागत नाही.

वाटणे हे शोधण्याहून अवघड. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. वाचकाचा वेळ वाचवा, हा त्यांतला चौथा. चाळीस दुवे एकदम पाठविणारा वाचकाचा वेळ खातो. आम्ही विचारणाऱ्याला एकच दुवा पाठवतो, सोबत दोन ओळी: हे पान कशासाठी, आणि कोठे बोट ठेवावे.

पाने नाहीशीही होतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या इंटरनेट अर्काइव्ह संस्थेचे वेबॅक मशीन २००१ पासून सर्वांस खुले आहे. महत्त्वाचे पान तेथे जतन करता येते. वाटाघाटीच्या आधी मालकाच्या स्थळावरचे पान आम्ही आता न विसरता जतन करतो.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दोघे बसून वहीतले पत्ते पुन्हा उघडून पाहतात. मेलेला पत्ता खोडायचा, पण वाचता येईल असा, आणि कारण शेजारी लिहायचे. भविष्यनिर्वाह निधीचे पान तो फसलेला सभासदच सांभाळतो. त्याने तेथे लाल शाईने दलालाचा पत्ताही लिहून ठेवला आहे.