वाइनचा पेला आणि कॉफीचा कप

गणपतीच्या सुटीत मुंबईहून मालवणला आलेल्या एका चाकरमान्याने वडिलांसाठी नाशिकची स्वस्तातली लाल वाइन आणली. वडील रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे. "डॉक्टर, हृदयाला चांगली म्हणतात. रोज एक पेला दिली तर?"

चवीसाठी कोणी क्वचित घेतली तर ते निराळे. औषध म्हणून मुळीच नको, असे मी सांगितले. दारूचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. वाइन सौम्य, हा समजही फसवा. सुमारे ४२ टक्क्यांच्या फेणीचा ३० मिलीचा पेग आणि साडेबारा टक्क्यांची १०० मिली वाइन, दोहोंत मद्यार्क जवळपास सारखाच. आपला घरचा पेला तर त्याहून मोठा! मद्यार्काने रक्तदाब वाढतो, मग बाटली स्वस्त असो की महाग.

म्हातारबुवांची खरी आवड निघाली जायफळ घातलेल्या कॉफीची. पण ती पूड खळखळ उकळून केलेली. अशा कॉफीत उतरणारे तेलकट द्रव्य कोलेस्टेरॉल वाढवते. कागदी गाळणीत ते बरेचसे अडकते. म्हणून पाणी उकळल्यावर अर्धा मिनिट थांबावे. गाळणीत कपामागे दोन चमचे पूड घेऊन त्यावर ते हळूहळू ओतावे. जायफळ वरून, चिमूटभरच. पाकिटावर चिकोरीचे प्रमाण अवश्य वाचावे. कधी कधी ती जवळजवळ निम्मी असते. अंगात रक्त कमी असणाऱ्यांनी जेवणालगत कॉफी टाळावी, अन्नातले लोह अंगी लागत नाही.

बाटली मुलाबरोबर मुंबईला परत गेली. गाळण्यांचे पाकीट मात्र आठवड्याभरात आले.